टॅपेट वाजतंय : फ्लिंट गावाची एक फेरी

भारतातून कुणाचे आईवडील आले की आम्हा मिशिगनकरांचा दौरा ठरलेला असतो. आधी नायगारा, मग शिकागो, एक दिवस डिअरबॉर्नचं हेन्री फोर्ड म्युझियम, एक दिवस ट्रॉयचं देऊळ, आणि सुट्टी उरलीच तर आय-७५ ने सरळ उत्तरेला मॅकिनॉचा पूल. या शेवटच्या प्रवासात डेट्रॉईट सोडल्यावर तासाभराने फ्लिंट लागतं. बहुतेक मंडळी तिथे गॅस भरतात, मुलांना बाथरूमला नेऊन आणतात आणि पुढे निघतात. गाडीत कुणीतरी विचारतं, "हेच का ते पाण्याचं फ्लिंट?" दुसरं कुणीतरी "हो, हेच," म्हणतं आणि विषय संपतो.

माझा आग्रह आहे की एकदा तरी तिथे उतरा. मी २००३ च्या ऑगस्टमध्ये केटरिंग युनिव्हर्सिटीत एम.एस. करायला या गावात आलो. नोकरीही जवळपासच लागली आणि तेव्हापासून शेजारच्या ग्रँड ब्लँकमध्ये राहतो आहे. म्हणजे आयुष्याची जेवढी वर्षं कोल्हापुरात काढली, जवळजवळ तेवढीच इथे. त्यामुळे थोडा पक्षपात होणार, तो वाचकांनी चालवून घ्यावा.

गावाचा मुख्य रस्ता म्हणजे सॅगिनॉ स्ट्रीट. तो विटांचा आहे आणि त्यावर लोखंडी कमानी आहेत. कमानीवर 'व्हेइकल सिटी' असं लिहिलेलं आहे. पाहुण्यांना वाटतं ते मोटारींमुळे. पण हे नाव मोटारींच्या आधीचं, घोडागाड्यांच्या काळातलं. विल्यम ड्युरंट आणि डॅलस डॉर्ट या दोघांच्या कंपनीच्या घोडागाड्या इथून देशभर जात. याच ड्युरंटने १९०४ साली ब्युइक कंपनीचा कारभार हातात घेतला आणि १९०८ साली जनरल मोटर्स उभी केली. नदीकाठी वॉटर स्ट्रीटवर त्यांचा घोडागाड्यांचा जुना कारखाना दुरुस्त करून ठेवला आहे, त्याला 'फॅक्टरी वन' म्हणतात. जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीचं मूळ घर आपल्याकडच्या एखाद्या जुन्या गिरणीच्या गोदामाएवढं आहे, हे पाहून गंमत वाटते.

तिथून जरा पुढे, नदीच्या काठानेच, केटरिंगच्या टेकडीखाली एक मोठी खोलगट जागा आहे. इथे शेव्हरलेटचे कारखाने होते. लोक त्या भागाला 'शेवी इन द होल' म्हणत. ३० डिसेंबर १९३६ रोजी गावातल्या मोटार कामगारांनी कारखान्यात ठिय्या दिला. बाहेर जायचं नाही, यंत्राशेजारीच बसून राहायचं. १ फेब्रुवारी १९३७ ला त्यांनी इथला चार नंबरचा कारखाना ताब्यात घेतला. तो इंजिनांचा कारखाना होता. इंजिन बंद म्हणजे सगळंच बंद. दहा दिवसांत कंपनीने युनियनला मान्यता दिली. चव्वेचाळीस दिवसांच्या त्या संपात घरच्या बायका लाल टोप्या घालून कारखान्याच्या दारात उभ्या राहिल्या होत्या. आज तिथे एकही भिंत शिल्लक नाही. जमिनीवर स्वच्छ माती पसरून गवत आणि झाडं लावली आहेत, लोक कुत्री फिरवतात.

१९६० साली फ्लिंटची वस्ती १ लाख ९७ हजारांच्या जवळ होती. २०२० च्या जनगणनेत ती ८१ हजार भरली. १९९९ च्या जूनमध्ये 'ब्युइक सिटी' हा अवाढव्य कारखाना बंद झाला. मी आलो तेव्हा माझ्या अपार्टमेंटच्या रस्त्यावर दर तिसऱ्या घराच्या खिडकीला फळ्या ठोकलेल्या होत्या. ट्रकचा कारखाना आणि इंजिनाचा एक कारखाना मात्र अजून चालू आहे. तेव्हा 'मेलेलं गाव' वगैरे जे लोक लिहितात त्यात अर्थ नाही. गाव आजारी पडलं होतं हे खरं.

फ्लिंटला जायचं तर ऑगस्टच्या मध्यावर जावं. २००५ पासून इथे दरवर्षी 'बॅक टू द ब्रिक्स' नावाचा जुन्या मोटारींचा मेळा भरतो. सॅगिनॉ स्ट्रीटवर दोन्ही बाजूंना गाड्या, बॉनेट उघडे, आणि शेजारी घडीच्या खुर्चीत बसलेले मालक. आपल्याकडे जत्रेत बैलजोडीजवळ मालक जसा बसतो, अगदी तसे. बायको रंग आणि क्रोम पाहते, मुलं आइस्क्रीम शोधतात, आणि मी ऐकत फिरतो.

ही ऐकायची सवय कोल्हापूरच्या उद्यमनगरातली. माझ्या मामांचं तिथे छोटं वर्कशॉप होतं. गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं की मामा आधी काही विचारत नसत. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनवर ठेवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "टॅपेट वाजतंय," किंवा "हे टॅपेट न्हवं, आतलं हाय." मला इथे कॉलेजात व्हायब्रेशनचे सेन्सर आणि आलेख शिकवले, पण ते शिकताना डोळ्यासमोर मामांचा मिटलेला चेहराच यायचा.

तर २०१९ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, इंजिनच्या कारखान्यात तीस वर्षं काम करून निवृत्त झालेले. फ्लिंटच्या पूर्व भागात राहतात. आमच्या मुलांनी त्यांना 'आजोबा' म्हणायला सुरुवात केली आणि त्यांनीही ते नाव मनापासून घेतलं, म्हणून मीही तेच लिहितो. आजोबांकडे १९७२ सालचा शेव्हरलेटचा पिकअप आहे, आठ सिलिंडरचा, ३५० क्युबिक इंचाचा. मेळ्याला दोन आठवडे असताना त्यांचा फोन आला, की इंजिन टकटक करतंय, चढावर दम टाकतंय आणि कार्ब्युरेटरमधून मधूनच फट्ट असा आवाज येतोय. एका गॅरेजने कार्ब्युरेटर साफ करून दिला, प्लग बदलले, पैसे घेतले. टकटक तशीच.

ज्यांना मोटारीच्या पोटात काय असतं यात रस नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॅमशाफ्ट म्हणजे एक लांब दांडा, त्यावर अंड्यासारखे सोळा उंचवटे. दांडा फिरला की एकेक उंचवटा वरच्या टॅपेटला उचलतो. (इथे त्याला लिफ्टर म्हणतात.) टॅपेट पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. जुन्या इंजिनांत टॅपेटचा तळ सपाट दिसतो, पण खरं म्हणजे तो अगदी किंचित फुगीर असतो आणि कॅमचा उंचवटा किंचित तिरका घासलेला असतो. त्यामुळे टॅपेट वरखाली होताना स्वतःभोवती हळूहळू फिरतो. हे फिरणं फार महत्त्वाचं. सहाणेवर एकाच जागी चंदन उगाळत राहिलं की खळगा पडतो. टॅपेट फिरायचा थांबला की तसंच होतं.

आता निदान. पहिला प्रश्न, आवाज कशाचा? एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट गळत असेल तरी अशीच टकटक येते. पण ती बहुतेक वेळा इंजिन गार असताना मोठी असते आणि धातू तापून प्रसरण पावला की कमी होते. हा आवाज तापल्यावरही तसाच राहिला. दुसरी गोष्ट म्हणजे आवाजाची गती. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर असेल तर कॅमच्या ३०० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला पाच टका. टायमिंग लाइट लावला. तो दोन फेऱ्यांत एकदा चमकतो, म्हणजे कॅमच्याच तालात. टकटक त्याच्या तालात पडत होती. मग एकेका प्लगची वायर काढून पाहिली. बेअरिंगचा किंवा पिस्टनचा आवाज असेल तर त्या सिलिंडरची आग बंद करताच तो बदलतो. हा बदलला नाही. म्हणजे दोष वर, व्हॉल्व्हच्या बाजूला. वायर काढल्यावर सहाव्या सिलिंडरला मात्र इंजिनच्या वेगात काहीच फरक पडला नाही. तो आधीच काम करत नव्हता.

गॅरेजवाल्यांनी कॉम्प्रेशन मोजलं होतं आणि आकडा बरा आला होता. म्हणून त्यांनी "इंजिन ठणठणीत आहे," असं सांगितलं. इथेच लोक फसतात. एक्झॉस्टचा कॅम झिजला असेल तर कॉम्प्रेशनचा आकडा बहुधा चांगलाच येतो, कारण ती चाचणी दाब किती धरला जातो ते मोजते. जळलेला धूर नीट बाहेर जातो का हे ती मोजतच नाही. धूर बाहेर गेला नाही की पुढच्या वेळी इनटेकचा व्हॉल्व्ह उघडताच तो उलटा कार्ब्युरेटरकडे येतो. तोच तो फट्ट आवाज. मापन बरोबर होतं, फक्त ते चुकीच्या प्रश्नाचं उत्तर होतं.

मग टॅपेट कव्हर काढलं आणि तेल उडू नये म्हणून पुठ्ठा धरून इंजिन सावकाश चालू ठेवलं. चांगले पुशरॉड वरखाली होताना फिरताना दिसतात. सहाव्या सिलिंडरचा एक्झॉस्टचा पुशरॉड फिरत नव्हता. इंजिन बंद करून रॉकर काढला, पुशरॉडच्या टोकावर डायल गेज लावला आणि क्रँक हाताने फिरवला. या इंजिनच्या मूळ कॅमची एक्झॉस्टची उचल सुमारे ०.२७३ इंच असते. बाकीचे सात त्याच्या आसपास होते. सहावा ०.१९० वर थांबला. ऑइल फिल्टर कापून घडी उलगडली. चुंबक फिरवल्यावर राखाडी पीठ चिकटलं. मॅनिफोल्ड उतरवून टॅपेट बाहेर काढला आणि दुसऱ्या टॅपेटची कड त्याच्या तळावर आडवी धरली. चांगल्या तळावर कड डुगडुगते. इथे कडेखालून उजेड दिसला. फुगीर तळाची वाटी झाली होती.

नवा कॅम आणि सोळाच्या सोळा नवे टॅपेट. जुने टॅपेट नव्या कॅमवर कधी घालू नयेत. धातूचं पीठ तेलातून बेअरिंगमध्ये जातं, म्हणून तीही उघडून पाहिली. नवं इंजिन चालू करताच रेंगाळू द्यायचं नाही; लगेच २००० ते २५०० फेऱ्यांवर नेऊन वीस-तीस मिनिटं ठेवायचं, कारण कमी वेगात कॅमवर तेल पुरेसं उडत नाही. आजोबांनी हे सगळं घड्याळ लावून केलं.

काम चालू असताना आजोबांनी विचारलं, की सत्तेचाळीस वर्षं टिकलेला कॅम आताच का गेला? कारणं दोन-तीन. इंजिन वर्षभर उभं राहायचं आणि मेळ्यात तासन् तास आयडलवर चालायचं. आणि तिसरं, तेल. जुन्या तेलांत झिंक आणि फॉस्फरस असलेलं एक रसायन भरपूर असे. घर्षणाने तापलं की ते पोलादावर फॉस्फेटचा थर धरतं, केसाच्या जाडीच्या सातशेव्या-हजाराव्या भागाएवढा. धातूऐवजी तो थर झिजतो आणि पुन्हा धरतो. पण फॉस्फरस धुरातून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसतो आणि तो निकामी करतो, म्हणून तेलातलं त्याचं प्रमाण पायरीपायरीने कमी केलं गेलं; २००४ च्या प्रमाणानुसार नेहमीच्या पातळ तेलांत ०.०८ टक्के ही कमाल मर्यादा आली. नव्या गाड्यांना त्याने फरक पडत नाही, त्यांत बहुधा रोलरचे टॅपेट असतात किंवा व्हॉल्व्हची रचनाच वेगळी असते. जुन्यांना पडतो. त्यांच्यासाठी जास्त झिंकचं तेल वेगळं मिळतं. (ते आपल्या कॅमरी-ओडिसीत घालू नका!)

आजोबा हातातल्या टॅपेटकडे बघत थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या पाण्याचंच की रे हे."

आणि खरोखरच तेच होतं. २०१४ च्या एप्रिलमध्ये, राज्याने नेमलेल्या प्रशासकाच्या कारभारात, पैसे वाचवायला म्हणून फ्लिंटने डेट्रॉईटकडून येणारं ह्युरॉन सरोवराचं पाणी बंद केलं आणि फ्लिंट नदीचं पाणी घेतलं. डेट्रॉईटच्या पाण्यात ऑर्थोफॉस्फेट घातलेलं असे. ते शिशाच्या पाइपाच्या आतून फॉस्फेटचा थर धरतं आणि शिसं पाण्यात उतरू देत नाही. नदीच्या पाण्यात ते घातलंच नाही. त्यात क्लोराईडही जास्त. जुना थर सुटला आणि शिसं नळातून घरात आलं.

ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सच्या इथल्या इंजिन कारखान्याने हे पाणी घेणं थांबवलं, कारण नुकत्याच मशीनिंग केलेल्या भागांवर गंज धरू लागला होता. कारखान्याला शेजारच्या टाउनशिपचं पाणी मिळालं. गावाला आणखी एक वर्ष नदीचंच. आजोबांच्या दोस्तांपैकी काही तेव्हा त्या कारखान्यात होते. "क्रँकशाफ्टला जे सोसत नाही ते माझ्या नातवाला कसं सोसेल, असं आम्ही सभेत विचारलं," ते सांगतात. "उत्तर मिळालं, की पाणी प्रमाणात बसतं."

त्या वर्षी केटरिंगजवळ एक मराठी जोडपं राहत होतं. तो एम.एस. करत होता, घरात चार महिन्यांचं बाळ, वरचं दूध सुरू केलेलं. मुलीने आमच्या घरी फोन केला, "दादा, जरा येऊन पाणी बघता का? पिवळट येतंय. मी उकळून, गाळून घेते, पण मन धजत नाही." आपल्याकडे हीच रीत ना? गढूळ आलं की तुरटी फिरवा, फडक्याने गाळा, उकळा. जंतूंसाठी ते ठीक. शिसं या कशालाच दाद देत नाही. उकळल्याने पाणी आटतं आणि शिशाचं प्रमाण उलट किंचित वाढतं. पुढे वर्षभर दर शनिवारी आम्ही ग्रँड ब्लँकहून पाण्याचे कॅन पोचवले. बाळाचं रक्त तपासून घेतलं, ते ठीक आलं, तेव्हा आईच्या जिवात जीव आला. पण फ्लिंटमधल्या सगळ्या आयांना हे सुख मिळालं नाही.

इंजिनिअर म्हणून मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. पाण्याचे नमुने घेताना लोकांना सांगितलं जात होतं, की आदल्या रात्री नळ काही मिनिटं वाहू द्या. त्याने पाइपात मुरलेलं पाणी निघून जातं आणि शिशाचा आकडा कमी दिसतो. हा त्या कॉम्प्रेशन टेस्टचाच प्रकार. आकडा होता, कागद होता, पण प्रश्न चुकीचा होता. बरोबर प्रश्न विचारला तो बाटलीत लाल पाणी घेऊन सभेला आलेल्या बायकांनी. मग व्हर्जिनिया टेकच्या मार्क एडवर्ड्स यांच्या चमूने घराघरांतलं पाणी तपासलं, आणि इथल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अतीशा यांनी सप्टेंबर २०१५ मध्ये मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे लोकांसमोर मांडले. १६ ऑक्टोबर २०१५ ला गाव पुन्हा डेट्रॉईटच्या पाण्यावर गेलं. शिशाचे पाइप बदलायला त्यापुढे बरीच वर्षं लागली. जवळजवळ ११ हजार पाइप बदलून झाल्याचं राज्याने २०२५ च्या जुलैमध्ये जाहीर केलं. आजोबांच्या घरचा पाइप आता तांब्याचा आहे. तरी स्वयंपाकघरात बाटल्यांचे खोके आहेतच. "सवय गेली नाही," एवढंच म्हणतात.

तर मंडळी, पुढच्या उन्हाळ्यात फ्लिंटला एक दिवस द्या. सकाळी शेतकऱ्यांचा बाजार (मंगळवार, गुरुवार, शनिवार), मग फॅक्टरी वन बाहेरून, नदीकाठचं शेवी कॉमन्स, आणि मुलं असतील तर स्लोन म्युझियम. मांसाहारी असाल तर फ्लिंटचा 'कोनी' चाखा; डेट्रॉईटच्या कोनीपेक्षा त्यावरचं मांस कोरडं असतं आणि यावरून इथे भांडणं होतात.

आणि घरी परतल्यावर एक काम करा. तुमचं घर १९८६ च्या आधीचं असेल तर तळघरात जिथे पाण्याचा पाइप आत येतो तिथे तो किल्लीने हलकेच खरवडा. आत नाण्यासारखा लाल रंग दिसला तर तांबं. चकचकीत चांदीसारखा दिसला आणि चुंबक चिकटलं नाही, तर बहुधा शिसं. लगेच पाणीखात्याला फोन करा, आणि तोवर शिशासाठी प्रमाणित केलेला फिल्टर लावा. बाळाच्या दुधाला गरम नळाचं पाणी कधीच घेऊ नका.

फ्लिंटहून परतताना ग्रँड ब्लँकला चहाला थांबलात तर आनंद होईल. नंबर मंडळाच्या डिरेक्टरीत आहे. गाडीतून काही टकटक येत असेल तर तीही ऐकून देईन, स्क्रू-ड्रायव्हर दाराशीच असतो.